मिरजेच्या काकांना उत्तर : पातळ टीव्ही एवढा का तापतो?

काका, नमस्कार.

‘नवे टीव्ही जुन्यांपेक्षा कमी वीज खातात’ हे माझं वाक्य तुम्ही सरळ खोटं ठरवलंत. तुमचा जुना २१ इंची डबा दिवसभर चालून कोमटच राहायचा आणि आताच्या ५५ इंची एलईडीच्या वरच्या कडेला हात ठेववत नाही, हा तुमचा पुरावा. ‘एलईडी थंड असतो’ असं दुकानदार म्हणाला होता, हेही तुम्ही लिहिलंय. आणि मी ओएलईडी (मागे दिवे नसलेले, ठिपके स्वतः उजळणारे टीव्ही) विकणाऱ्यांची वकिली करतोय, हा शेवटचा आरोप. त्याचं उत्तर शेवटी देतो.

तुमच्या हाताला बसलेला चटका खरा आहे. पण त्यावरून वीज मोजता येत नाही. टीव्ही जेवढी वीज ओढतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते. पडद्यातून निघालेला उजेडसुद्धा भिंतींवर आणि आपल्या अंगावर पडून तिथेच जिरतो. १०० वॅटचा टीव्ही म्हणजे खोलीत १०० वॅट उष्णता, मग आत पिक्चर ट्यूब असो की आणखी काही. फरक पडतो तो ही उष्णता कुठे साठते आणि कशी बाहेर पडते याने. तुमच्या डब्याला हातभर खोल पाठ होती, तिला वर-खाली जाळ्या होत्या आणि आत हवा खेळायला ऐसपैस जागा होती. आताच्या टीव्हीत तेच सगळं बोट-दोन बोटं जाडीत कोंबलंय.

शिवाय आकार बघा. २१ इंच आणि ५५ इंच हे आकडे तिरक्या मापाचे. पडद्याचं क्षेत्रफळ काढलं तर तुमचा नवा टीव्ही जुन्याच्या साधारण सहापट भरतो. २१ इंची डबा ७० ते १०० वॅट घ्यायचा, ५५ इंची एलईडी बहुधा १०० ते १५० घेतो. सहापट पडदा आणि वीज दीडपट. माझं वाक्य पडद्याच्या आकाराच्या मानाने, या हिशेबाचं होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

डबाही आतून काही थंड नव्हता. रंगीत ट्यूबमध्ये सुमारे २५ हजार व्होल्टने इलेक्ट्रॉन पडद्याकडे फेकले जायचे आणि त्यातले बहुतेक वाटेतल्या भोकांच्या पत्र्यावरच आपटून तो पत्रा तापवायचे. चांगल्या संचांत तो पत्रा इन्व्हार या मिश्रधातूचा असे, कारण इन्व्हार तापला तरी फारसा प्रसरण पावत नाही. पत्रा फुगला की रंग बिघडायचे. मधल्या काळातले प्लाझ्मा टीव्ही तर याहून खादाड, ४२ इंचाला २००-३०० वॅट सहज. २०१४ च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी तो बंदच केला.

आता दुकानदाराच्या ‘थंड एलईडी’कडे येऊ. लोकांची सर्वांत जास्त दिशाभूल इथेच होते आणि मला त्याचा राग येतो. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, म्हणजे स्वतः न उजळणारा, मागच्या दिव्यांचा (बॅकलाइटचा) उजेड गाळून चित्र दाखवणारा पडदा. फक्त मागे बारीक ट्यूबलाइटऐवजी एलईडीच्या पट्ट्या. क्यूएलईडीसुद्धा त्याच घरातला. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग एलईडीपाशीच उष्णता होतो. जो उजेड निघतो, त्यातला निम्मा पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारा पापुद्रा) खातो, उरलेल्यातले दोन तृतीयांश रंगांचे फिल्टर अडवतात. सगळं वजा जाता बॅकलाइटचा साधारण पाच टक्के उजेड तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. आणि पडद्यावर अंधारी रात्र दाखवायची असली तरी साध्या एलसीडीत मागच्या पट्ट्या जळतच असतात. पट्टी कडेला बसवलेली असेल तर तीच कड जास्त तापते. तुमच्या टीव्हीत पट्टी वर आहे की तिथे पॉवर सप्लायची गरम हवा जमतेय, हे पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका बंद. म्हणून अंधाऱ्या सिनेमात तो कमी वीज घेतो, पण भर उन्हातली क्रिकेटची मॅच लावली की तेवढ्याच मापाच्या एलसीडीची बरोबरी करतो, कधी पुढेही जातो. त्यात उष्णतेने त्यातले सेंद्रिय पदार्थ लवकर म्हातारे होतात, निळा सगळ्यांत आधी. ज्या घरात सकाळपासून बातम्यांचं चॅनेल आणि खालची लाल पट्टी चालू असते, तिथे पट्टीचे तेच ते ठिपके सतत जळून आधी थकतात, म्हणून ओएलईडी घेऊ नका, असंच मी सांगेन. वकिलीच्या आरोपाचं उत्तर एवढंच.

खरी काळजी आपल्या हवेची. टीव्हीच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. बहुतेक माहितीपुस्तिकांत वापरासाठी ४० अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि मे महिन्यात सांगली-मिरजेच्या पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी आपण तिथे सहज पोचतो. पॉवर सप्लायमधले कॅपेसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) दहा अंश कमी तापले तर ढोबळमानाने दुप्पट टिकतात. म्हणजे तोच टीव्ही महाबळेश्वरला आणि मिरजेत सारखा म्हातारा होणार नाही. आणि आपण तो बसवतो कुठे? पश्चिमेच्या भिंतीवर, शोकेसच्या खणात, वरून विणलेलं कव्हर. गणपतीत तर आरास करताना मागून-वरून कापड सोडतात आणि टीव्ही चालूच.

तुम्ही एवढं करा. चारही बाजूंना दहा सेंटीमीटर जागा सोडा, बंद असताना जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा, आणि पिक्चर सेटिंग ‘डायनॅमिक’ असेल तर बदलून ‘बॅकलाइट’ निम्म्यावर आणा. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसायला ठेवलेलं ते सेटिंग घरात कशाला? वरची कड तासाभरात निवलेली जाणवेल.

त्यानंतरही हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा टीव्ही आपोआप बंद होत असेल, तर मेकॅनिकला बोलवा. आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर अंधारात पडद्यावर तिरपी बॅटरी मारून बघा. फिकट चित्र दिसलं तर बहुधा पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) ठीक आहे, एलईडीची पट्टी किंवा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेलाय, आणि त्याचा खर्च पॅनेलच्या मानाने खूपच कमी. पाठ मात्र स्वतः उघडू नका, काका. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपेसिटरमध्ये काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात.