नवरा-बायकोच्या मधे पडायचं असतं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माहेरच्या ग्रुपवर, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. बराच लांबलचक आहे, पण सार एवढंच: नवरा-बायकोचं भांडण हा घरातला मामला, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. खरंच मारहाण होत असेल तर बाई एक दिवस राहणार नाही. असले प्रकार दारुड्यांच्या घरात होतात, चांगल्या घरांत नाही. बायकांच्या तक्रारी बहुतेक खोट्या असतात. आणि मधे पडणारा शेवटी स्वतःच कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. शेवटी जोडलेले हात आणि ‘संसार वाचवा’.

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यात बायकाही होत्या. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते आहे.

‘हा घरातला मामला आहे’

राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, अशी म्हण आहे. आमची आजी त्यात नवऱ्यालाही बसवायची: नवऱ्याने मारलं तरी दाद नाही. तिच्या काळात ते खरंच होतं. सासरचा छळ हा वेगळा गुन्हा आहे असं कायद्याने म्हटलं ते 1983 साली, भारतीय दंड संहितेत कलम 498अ आलं तेव्हा. आता भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम 85 आणि 86 मध्ये आहे. मग 2005 मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. घराच्या आत जे घडतं त्यालाच त्या कायद्याने हात घातला आहे. मारहाण तर त्यात आहेच. शिवीगाळ, सतत अपमान, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणं, शरीरसंबंधांतली जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार किंवा दागिने काढून घेणं, हे सगळं त्यात हिंसा म्हणूनच लिहिलेलं आहे. आणि हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी बाई, यांनाही तो लागू आहे.

तेव्हा ‘घरातला मामला’ हे वाक्य कायद्याच्या हिशेबाने तरी कधीच जुनं झालं. माणसांच्या मनातून मात्र गेलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत काही कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं वगैरे. त्यातल्या निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं 45 टक्के बायकांनी सांगितलं आणि 44 टक्के पुरुषांनी. बायका आणि पुरुष जवळजवळ सारखेच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावरच अडकून राहिले होते.

याची दुसरी बाजूही आपल्याकडचीच आहे. 1991 साली मुंबईत, बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवे आहेत, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. तिला शेकडोंच्या घरात उत्तरं आली आणि त्यातून 1993 मध्ये ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही पुरुषांची संघटना उभी राहिली. मधे पडणारे पुरुष तेव्हाही होते. कुणीतरी विचारायची खोटी होती.

‘खरंच मार बसत असेल तर ती निघून गेली असती’

कुठे? मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक सांगावं.

माहेरी? ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून पाठवलेली असते. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं, भावाची बायको आलेली असते, आणि वडील दर वेळी ‘समजूत काढून’ परत आणून सोडतात. भाड्याच्या खोलीत? डिपॉझिट कुठून आणायचं, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. मुलं अर्ध्या वर्षात शाळेतून काढायची? आणि तो म्हणालेला असतो, गेलीस तर मुलांचं तोंड बघू देणार नाही. हे सगळं डोक्यात घेऊन बाई सकाळी डबे भरते.

शिवाय अशा बायकांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या एक गोष्ट आवर्जून सांगतात. सगळ्यात धोक्याचा काळ असतो तो ती जायचं ठरवते तेव्हाचा आणि गेल्यानंतरचे काही महिने, कारण ताबा सुटतोय हे त्याच्या लक्षात येतं. म्हणून ‘सोडून का देत नाहीस?’ असं तावातावाने विचारणाऱ्या मैत्रिणीपेक्षा ‘निघायचं झालं तर काय काय लागेल?’ असं शांतपणे विचारणारी मैत्रीण जास्त उपयोगाची.

आणि तिने घर सोडलंच पाहिजे असंही नाही. 2005 च्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेट त्यालाच बाहेर राहायला सांगू शकतात. कित्येक बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

‘चांगल्या घरांत असं होत नाही’

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित बायकांपैकी 25.2 टक्के म्हणाल्या की नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. देशाचा आकडा 29.3 टक्के. म्हणजे आपल्या राज्यात चारांत एक. तुमच्या मजल्यावर चार दारं असतील तर हिशेब तुम्हीच करा.

दारूने मार वाढतो, हे खरं आहे. नवरा वारंवार दारू पिऊन येतो अशा बायकांत हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण 70 टक्के आहे. पण नवरा दारूला शिवतही नाही अशांतही ते 23 टक्के आहे. आणि दारू प्यायलेला माणूस ऑफिसात साहेबावर हात उचलत नाही. घरी येऊनच उचलतो.

‘चांगल्या घरां’त फरक एवढाच की भिंती जाड असतात आणि झाकली मूठ जपायची सवय असते. तिथे ओळखायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. मी जे पाहिलं आणि अशा बायकांबरोबर काम करणाऱ्यांकडून ऐकलं, ते सांगते. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. गच्चीवर गप्पा मारायला येणारी हळूहळू येईनाशी होते, हळदीकुंकवाला ‘बरं नाहीये’ असा निरोप. फोन स्पीकरवर ठेवूनच आईशी बोलणं. साधा प्रश्न विचारला, भाजी काय केलीस, तरी आधी त्याच्याकडे बघून मग उत्तर. भाजीवाल्याला द्यायला वीस रुपये नसणं, आणि नोकरी करत असूनही नसणं. जिन्यात पाऊल वाजलं की मूल टीव्ही बंद करून अभ्यासाला बसतं. यातल्या एखाद्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नका. पण तीन-चार एकत्र दिसल्या, तर ती एकटी असताना दोन मिनिटं बोला. ‘मारतो का?’ असं थेट विचारलं तर नाहीच म्हणेल. ‘घरी भीती वाटते का कधी?’ याला कधीकधी खरं उत्तर मिळतं. आज नाही मिळालं तरी तुम्ही विचारलं होतं हे ती विसरत नाही.

‘तक्रारी खोट्याच असतात’

खोट्या तक्रारी होतात. मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार प्रकरणात यावर चिंता व्यक्त केली आणि पोलिसांनी 498अ मध्ये सरसकट अटक करू नये, अटकेची गरज लेखी दाखवावी, असा दंडक घालून दिला. तो आजही पाळावा लागतो. ‘एका तक्रारीत अख्खं घर आत जातं’ हे मेसेजमधलं वाक्य त्यामुळे आज खरं नाही.

शिक्षा कमी होतात म्हणजे तक्रारी खोट्या, हा हिशेब तर मुळातच चुकीचा. खटला चालेपर्यंत वर्षं जातात, साक्षीदार घरातलेच असतात आणि ते फिरतात, मुलांसाठी तडजोड होते. शिवाय 2005 चा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात मागायचं असतं ते संरक्षण, निवारा, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. तुरुंगाचा प्रश्न येतो तो न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर.

आणि मला खरी झोप लागू देत नाही ती दुसरी संख्या. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली नाही की कुणाला सांगितलंही नाही. मदत मागितली फक्त 14 टक्के जणींनी. खोट्या तक्रारींवर ग्रुपच्या ग्रुप रंगतात. न केलेल्या तक्रारींवर कुणी मेसेज लिहीत नाही.

‘मधे पडणारा अडकतो’

2005 च्या कायद्याचं कलम 4 वाचा. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. शेजारी हा शब्द कायद्यात नाही, पण हे कलम शेजाऱ्यासाठीच आहे असं मला नेहमी वाटतं. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात मिळतो. रात्री-बेरात्री 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि किंकाळी ऐकू आली, हातात काही शस्त्र दिसलं तर थेट 112. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आहे, जिथे जखम बांधताना ती कशी झाली हेही विचारलं जातं. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहे.

मधे पडण्याच्या काही पद्धती मात्र तिलाच महागात पडतात, हेही सांगायला हवं. तिने विश्वासाने सांगितलेलं तुम्ही त्याला जाऊन ऐकवलंत, तर त्या रात्रीचा मार तुमच्यामुळे. चार प्रतिष्ठित माणसांनी दोघांना शेजारी बसवून ‘सांग बाई, काय तक्रार आहे?’ विचारलं, तर ती त्याच्यासमोर काय सांगणार? तो हात जोडून माफी मागतो, मंडळी चहा घेऊन उठतात, दार लागतं. तडजोड झाली म्हणून सगळे खूश, आणि तिचा शेवटचा दरवाजाही बंद. आधी तिच्याशी एकटीशी बोला, तिला काय हवं आहे ते विचारा, आणि ती म्हणेल त्या वेगाने चला.

मी हे कुठे शिकले ते सांगते. लग्नानंतर आम्ही ज्या जुन्या इमारतीत होतो, तिथे वरच्या मजल्यावर रात्री साडेदहाच्या सुमाराला स्टीलचे डबे पडल्याचा आवाज यायचा. मग तिचा आवाज, मग काहीच नाही. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. दोन वर्षं वाढवला. त्याची लाज मला आजही आहे.

तळमजल्यावरच्या काकू मात्र एका रात्री वाटी घेऊन जिना चढल्या आणि बेल वाजवली. ‘विरजण आहे का हो थोडं?’ त्याने दार उघडलं, अगदी नम्रपणे बोलला. त्या रात्री पुढे आवाज आला नाही. नंतरही डबे पडले की काकू वाटी घेऊन निघायच्या, सोबतीला काका दोन पायऱ्या खाली उभे. 2008 मध्ये टीव्हीवर, शेजारी मारहाण ऐकू आली तर बेल वाजवा असं सांगणाऱ्या ‘बेल बजाओ’ मोहिमेच्या जाहिराती लागल्या तेव्हा मला काकूच आठवल्या, त्यांनी ते केव्हाच सुरू केलं होतं.

काही महिन्यांनी वरची बाई दुपारी त्यांच्याकडे येऊन बसू लागली. काकूंनी तिला काय करावं ते एकदाही सांगितलं नाही. तारखा मात्र कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवल्या. आणि लोखंडी कपाटात, साड्यांच्या थप्पीमागे, एक कापडी पिशवी ठेवली: तिचं ओळखपत्र, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, हजार-बाराशे रुपये. पिशवी दीड वर्षं तिथेच होती. एका सोमवारी सकाळी ती मुलीला शाळेच्या युनिफॉर्ममध्ये घेऊन खाली आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘काकू, ती पिशवी द्या.’