टनेल अप आहे, काळजी नसावी

सोमवारी सकाळी तक्रार येते: पुण्याच्या ऑफिसातून शिरोलीच्या प्लँटमधला टॅलीचा सर्व्हर पिंग होत नाही, म्हणजे हाकेला ओ देत नाही; प्लँटमधून पुणं मात्र झकास पिंग होतं. म्हणजे दोन ठिकाणांना इंटरनेटवरून जोडणारा खासगी रस्ता, अर्थात व्हीपीएन, एकाच बाजूने चालतोय. घाबरू नका. असली तक्रार नीट सांभाळली तर तीन आठवडे सहज पुरते. आम्ही सव्वीस दिवस पुरवली, म्हणून जरा अधिकाराने सांगतोय.

पहिल्यांदा फायरवॉलचं, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं, पान उघडा आणि टनेलसमोरच्या, म्हणजे व्हीपीएनच्या बोगद्यासमोरच्या, हिरव्या दिव्याचा स्क्रीनशॉट काढा. ‘टनेल अप आहे, आमच्या बाजूने सगळं ओके’ एवढं लिहून मेल टाका, सीसीत साहेब. पलीकडचा इंजिनिअर अर्ध्या तासात तसलाच दिवा पाठवेल. पाठवणारच, कारण दोघांचं आपसात जमलं आणि किल्ल्या ठरल्या, एवढंच तो दिवा सांगतो. साखरपुडा झाला म्हणजे मुलगी नांदायला आली असं होत नाही, पण हे मेलमध्ये लिहायचं नाही.

आपण ज्याला एक बोगदा म्हणतो, ते आयपीसेकच्या, म्हणजे व्हीपीएन चालवणाऱ्या नियमांच्या, हिशेबी दोन एकेरी रस्ते असतात. जाणाऱ्या पॅकेटांचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यांचा, करार वेगळा, येणाऱ्यांचा वेगळा, दोघांचे क्रमांकही वेगळे. लक्ष्मी रोडने जायचं, कुमठेकर रोडने यायचं, तसं. आणि दोन्ही रस्त्यांवर मोजणी चालू असते: किती पॅकेटं गुंडाळून पाठवली, किती आलेली उलगडली. बहुतेक फायरवॉलवर हे आकडे त्या हिरव्या दिव्यापासून एक-दोन क्लिकवर असतात. ती क्लिक करू नका. आकडे दिसले की तक्रार दहा मिनिटांत संपते आणि मग उरलेला आठवडा करायचं काय?

‘तिकडून पिंग होतं, इकडून होत नाही’ या वाक्याचाही फार विचार करू नका. पिंग म्हणजे हाक आणि ओ. प्लँटमधून मारलेल्या हाकेला पुण्याची ओ पोचली, याचा अर्थ पॅकेटं बोगद्यातून गेलीही आणि आलीही. म्हणजे बोगदा तिथल्या तिथे निर्दोष सुटतो. मग नको ते प्रश्न उभे राहतात. प्लँटमधून नेमक्या कुठल्या मशीनवरून पिंग केलं? मॅनेजरसाहेबांच्या लॅपटॉपवरून. आणि पुण्याहून कुठल्या मशीनला केलं? सर्व्हरला. दोन वेगळ्या मशीनची उत्तरं एकत्र करून ‘वन-वे ट्रॅफिक’ हे नाव आपणच ठेवलं, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत पुढच्या पायरीवर जा.

पुढची पायरी अर्थातच रिस्टार्ट. एकाच बाजूची फायरवॉल रिस्टार्ट करा, ती सुद्धा भर दुपारी, डिस्पॅचची चलनं निघत असताना. पलीकडची फायरवॉल काही वेळ जुनाच करार धरून बसते आणि जुन्या क्रमांकाची पॅकेटं पाठवत राहते. ती पॅकेटं इकडे ओळखीची नसल्याने फेकली जातात. म्हणजे आत्तापर्यंत जे चालत होतं तेही बंद पडतं. तिकिटाची प्रायॉरिटी वाढते, तुमचंही वजन वाढतं.

नंतर ‘एनी टू एनी अलाऊ’ असा रूल सगळ्यात वर टाका. त्याने काही होणार नाही, पण सहा महिन्यांनी ऑडिटवाल्यांना काहीतरी सापडायला हवं. तेवढ्याने भागलं नाही तर इंटरनेटवाल्यांना फोन करून ‘पोर्ट ५० उघडा’ म्हणून सांगा. ५० हा ईएसपीचा, म्हणजे पॅकेटं गुंडाळायच्या पद्धतीचा, प्रोटोकॉल क्रमांक आहे, त्याला पोर्ट असा प्रकारच नसतो. पोर्ट लागतात ते यूडीपी ५०० आणि मध्ये नॅट, म्हणजे पॅकेटाचा पत्ता बदलणारी सोय, असेल तर ४५००. पलीकडचा मुलगा ‘येस सर, ओपन केलं’ म्हणेल. आमच्या वेळी म्हणाला होता. काय उघडलं कुणास ठाऊक.

पत्त्यांबद्दलही थोडं सांगून ठेवतो, कारण नवी शाखा काढताना हे उपयोगी पडतं. खासगी नेटवर्कांसाठी कुठले पत्ते वापरायचे हे १९९६ मध्येच ठरलंय. एकट्या १० ने सुरू होणारे पत्तेच १ कोटी ६७ लाखांवर आहेत. तरीही प्रत्येक शाखेला १९२.१६८.१ हीच मालिका द्या. मग पुण्यातलं मशीन शिरोलीचा पत्ता आपल्याच गल्लीत शोधत बसतं आणि पॅकेट बोगद्याच्या तोंडापर्यंत जातच नाही. आमच्याकडे कुणीतरी आगाऊपणा करून पुण्याला १९२.१६८.१० आणि शिरोलीला १९२.१६८.२० अशा वेगळ्या मालिका दिल्या होत्या, त्यामुळे ही मजा हुकली.

बाराव्या दिवशी ब्रिज कॉल लावा. किमान नऊ माणसं हवीत, त्यातली सहा म्यूटवर. ‘राऊटिंग इश्यू वाटतोय’ असं एकाने म्हणावं, ‘वाटतोय’वर जोर देऊन. दुसऱ्याने नॅटचा विषय काढावा. हा विषय खरंतर बरोबर असू शकतो. बोगद्यात जाणाऱ्या पॅकेटाला नॅटमधून सूट दिलेली नसेल, तर बिचाऱ्याचा पत्ता दारातच बदलतो, ते बोगद्याच्या यादीत बसत नाही आणि उघड्या इंटरनेटवर निघून जातं. पण सूट दिलेली आहे की नाही हे कॉल चालू असताना बघायचं नाही. ‘ऑफलाइन चेक करतो’ म्हणायचं.

आमच्या कॉलवर नवीन लागलेली एक मुलगी होती. म्यूट काढून म्हणाली, “सर, मी काल रात्री पुण्याहून सर्व्हरला १०० पिंग मारले. इकडचा गेलेल्यांचा आकडा १०० ने वाढला, आलेल्यांचा हललाच नाही. प्लँटच्या फायरवॉलवर आलेले १०० दिसतात, पण परत पाठवलेलं एकही नाही. म्हणजे पॅकेट तिथवर पोचतंय, सर्व्हरचं उत्तर फायरवॉलकडे येतच नाहीये. सर्व्हरचा गेटवे बघायचा का?” अशी माणसं कॉलवर घेऊ नका. शांतता पसरते. सुदैवाने साहेब तेवढ्यात म्हणाले, “बेटा, ते लोकल मॅटर आहे, आपण टनेलवर फोकस करू.” त्यामुळे आणखी दोन आठवडे मिळाले.

गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी पॅकेटं सर्व्हरने कुणाच्या हाती द्यायची तो पत्ता, बघणं तसं सोपं नव्हतंच. सर्व्हर स्टोअरमधल्या कपाटात, कपाटाची किल्ली काकांकडे, काका जोतिबाला. मॉनिटर कुणीतरी वजनकाट्याला नेलेला. शिवाय सर्व्हरवर नेट व्यवस्थित चालत होतं, मग त्याच्यावर संशय कोण घेणार? प्लँटमध्ये नेट दोन होती: १९२.१६८.२०.२५४ वर नवी फायरवॉल, आणि .१ वर जुन्या ब्रॉडबँडचा धुळीने माखलेला राऊटर, जो काढायचं गेल्या दिवाळीपासून ठरत होतं. लॅपटॉपांना पत्ता आपोआप मिळायचा, त्यासोबत नवा गेटवेही. सर्व्हरचा मात्र कधीकाळी हाताने टाकलेला, जुना .१. त्यामुळे पुण्याची हाक फायरवॉलमधून सर्व्हरपर्यंत पोचायची, सर्व्हर इमाने इतबारे ओ द्यायचा, पण ती ओ जुन्या राऊटरच्या हातात. तो काय करणार? १९२.१६८.१०चा पत्ता त्याच्या बापजन्मात नाही, त्याने ती इंटरनेटच्या दिशेने भिरकावली. तिथे असल्या खासगी पत्त्याला कुणी विचारत नाही.

सव्विसाव्या दिवशी जुन्या ब्रॉडबँडचं बिल न भरल्यामुळे लाइन कापली गेली. सर्व्हरचं नेट गेलं, अँटिव्हायरस लाल झाला, म्हणून कंत्राटावरच्या पोराने वजनकाट्याचा मॉनिटर आणून जोडला, .१ पुसून .२५४ टाकलं आणि चहाला गेला. त्याला व्हीपीएन म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पाचव्या मिनिटाला पुण्याच्या अकाउंट्समधून ताईंचा फोन: “अहो, टॅली उघडलं की! काय केलंत?”

‘काय केलंत’ला उत्तर तयार ठेवा. आम्ही तिकिटावर लिहिलं: ‘टनेल पॅरामीटर्स ऑप्टिमाइझ केले. अंडर ऑब्झर्वेशन.’ सोबत हिरव्या दिव्याचा स्क्रीनशॉट जोडला, पहिल्याच दिवशीचा. तो कोपऱ्यातली तारीख कापून जोडायचा, ते आम्ही विसरलो, पण कुणी बघितलं नाही.

वजनकाट्याच्या पीसीचा गेटवे अजून .१ आहे. त्याला आत्ता हात लावू नका. मार्च एंडला पुण्याहून वजनाच्या पावत्या मागवतील, तेव्हा लागेल.