ऑनलाइन शिक्षणातून ब्लॉग बाद झाला, हे म्हणणे टिकत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: मुले आता वाचत नाहीत, व्हिडिओ पाहतात, ब्लॉग म्हणजे शिक्षकाने नोट्स डकवण्याची जागा, आणि एआय हवे ते लिहून देत असताना विद्यार्थ्यांकडून लेखन करून घेण्यात अर्थ नाही, सबब ऑनलाइन शिक्षणातून ब्लॉग बाद समजावा. मजकुराचा सूर ठाम आहे, आधार मात्र तितका नाही.

प्रयोग दाखवायचा असेल तर व्हिडिओ सरस, याबद्दल वाद नाही. पण तो पोहोचायला हवा. युनिकोड देवनागरीतील हजार शब्दांचा पाठ, प्रत्येक चिन्हाला 3 बाइट धरूनही, वीसेक किलोबाइटांत मावतो. दहा मिनिटांच्या साध्या व्हिडिओला कित्येक मेगाबाइट लागतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली-मंडणगडातही वीज आणि मोबाइलचे जाळे कोलमडले. शाळा तर कोविडमुळे आधीच बंद होत्या. त्या दिवसांत रेंजसाठी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढणाऱ्या मुलाच्या फोनवर मजकुराचे पान उघडे आणि व्हिडिओचे चाक फिरत राही.

नोट्सचा आक्षेप अर्धा खरा आहे. शासन निर्णय, पीडीएफ आणि मध्येच जाहिराती यांपलीकडे काही नसलेले 'तंत्रस्नेही' ब्लॉग आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांना कोणी नावे ठेवली तर मी आड येणार नाही. परंतु ब्लॉगचा शिक्षणातला उपयोग तेवढाच, हे मात्र चूक. 2008 मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी जो खुला अभ्यासक्रम चालवला, आणि ज्याच्यामुळे एमओओसी (कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव रूढ झाले, त्यात शुल्क भरणारे पंचवीसेक आणि विनामूल्य सामील झालेले दोन हजारांहून अधिक लोक होते. त्यांतले अनेक जण आपापल्या ब्लॉगवर लिहीत, ते लेखन आरएसएसद्वारे (संकेतस्थळावरचा नवा मजकूर आपोआप गोळा करणारी सोय) एकत्र होई आणि रोजच्या वार्तापत्रातून सर्वांपर्यंत जाई. म्हणजे शिकणाऱ्यांचे लेखन हाच तिथे अभ्यासक्रमाचा मोठा भाग होता.

इतक्या दूर जायचे नसेल तर आमच्या वर्गाच्या ब्लॉगवरील एक नोंद पाहावी. दाभोळकडच्या नववीतील एका मुलीने पौर्णिमेला फेरीबोटीच्या धक्क्यावरून पाहून लिहिले की भरती रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास पूर्ण होते. खाली एका तांडेलाची, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाची, प्रतिक्रिया आली: "बाय, पुनवेची वेळ रोजची धरू नको. तिथीची पाऊणपट कर, म्हणजे भरतीची वेळ मिळेल." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा हा हिशेब तिने पुढे पंधरवडाभर धक्क्यावर पडताळला, प्रत्यक्ष वेळ किती मिनिटांनी पुढेमागे होते ते तक्त्यात मांडले, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला पाण्याच्या उंचीचा फरक धक्क्याच्या पायऱ्या मोजून नोंदवला, आणि मूळचे चुकीचे वाक्य आडवी रेघ मारून तसेच ठेवले. पुढच्या वर्षीच्या मुलांनी भूगोलाच्या पुस्तकाआधी ती नोंद वाचली. ही दुरुस्ती परीक्षेच्या वहीत झाली नसती, कारण तांडेलापर्यंत वही जात नाही.

एआयचा मुद्दाही इथेच सुटतो. चंद्राच्या आकर्षणावरचा परिच्छेद ते नीटनेटका लिहून देईल, आणि केवळ असा परिच्छेद मागणारा गृहपाठ आता खरोखरच निरुपयोगी झाला आहे. पण अमुक दिवशी धक्क्याच्या किती पायऱ्या बुडाल्या, हे कोणीतरी उभे राहून मोजल्याशिवाय त्याला कुठून कळणार? विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले लिहावे, त्यावर जाणत्याने बोट ठेवावे आणि लिहिणाऱ्याने पुन्हा पाहावे, या फेऱ्यासाठी ब्लॉगवर सोय असते. व्हिडिओखालच्या अंगठ्यांनी ते काम होत नाही.

गटांवर फिरणाऱ्या त्या मजकुराच्या लेखकाला खरा आक्षेप घ्यायचाच होता, तर तो मुलांच्या खाजगीपणाचा घेता आला असता. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे, आणि उत्साहाच्या भरात मुलाचे नाव, गाव, छायाचित्र एकाच पानावर टाकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आमच्याकडे नोंदींखाली मुलांनी निवडलेली टोपणनावे असतात, छायाचित्रांत चेहरे नसतात आणि प्रत्येक प्रतिक्रिया शिक्षकाने वाचून सोडल्यावरच दिसते.