जॅकची पट्टी तुटली त्याबद्दल, वर्कशॉपकडून

नमस्कार साहेब. तुमच्या रिव्ह्यूचा एक स्टार आणि खालचा मजकूर दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जिम्नी गाडीच्या मागच्या दरवाजावर, स्टेपनीच्या पुढे, हाय-लिफ्ट जॅक (दांड्यावर चढत गाडी उंच उचलणारा लांब जॅक) अडकवायला आमच्याकडून ब्रॅकेट करून घेतलं, ३,८०० रुपये मोजले, अडीच महिन्यांत गगनबावड्याहून परत येताना ब्रॅकेटच्या दोन लोखंडी पट्ट्यांपैकी डावी तुटली, जॅक लोंबकळून दरवाजावर आपटला, डेंट पडला. शिवाय पहिल्या दिवसापासून खडखड, भोकांभोवती गंज, बंपरवर ओरखडा, "कच्चं वेल्डिंग", आणि फोन केला तर कुणी उचलला नाही.

फोनचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी शटर उघडं दिसलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉल बघून उलट फोन करायला हवा होता, तो केला नाही. ती चूक आमची.

आता पट्टी. गेल्या आठवड्यात तुम्ही तुटलेला तुकडा काउंटरवर ठेवून गेलात, तो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. वेल्डिंग कच्चं नाही. वेल्ड अजून जागेवर आहे, तडा गेलाय तो वेल्डला चिकटून, शेजारच्या पट्टीत. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग तांबूस आहे, उरलेला चकचकीत. याचा अर्थ पट्टी एका दणक्यात तुटलेली नाही. तडा बरेच दिवस आधी सुरू झाला, पावसाचं पाणी आत शिरून गंजत राहिलं, आणि शेवटचा पातळ धागा त्या दिवशी घाटात सुटला. तडा सुरू झाला कुठून तेही दिसतं: ग्राइंडरच्या चाकाचा एक आडवा ओरखडा आहे, बरोबर तिथून.

तो ओरखडा आमच्या पोरानं मारला. तुम्ही म्हणाला होता, "वेल्ड दिसायला नको, एकदम प्लेन पाहिजे." आम्ही प्लेन केलं. कोपऱ्यातला वेल्ड घासून सपाट केला की त्याचं मांस जातं आणि कडेला असे ओरखडे राहतात, हे मला तीस वर्षं माहीत आहे. तरी केलं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की हात तिकडेच वळतो.

पण खरा दोष ग्राइंडरचाही नाही. ५० बाय ५ मिलीमीटरची पट्टी आम्ही आडवी ठेवली. तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत ती तशी होती आणि दिसायला सडपातळ, छान दिसत होती. छप्पर करताना वासा कुणी आडवा टाकत नाही, उभाच टाकतो, कारण ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. हीच पट्टी, याच वजनाची, उभी वेल्ड केली असती तर खाली वाकायच्या विरोधात तिची ताकद दहापट झाली असती. एक रुपयाचं जास्त लोखंड लागलं नसतं. हे मी कापणीच्या आधी बोलायला हवं होतं. बोललो होतो, पण "बघा, उभी असती तर बरं" असं पुटपुटलो, आणि तुम्ही "फोटोसारखंच करा" म्हणालात तेव्हा गप्प बसलो. "असं असेल तर मी करणार नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघायला हवं होतं.

आता एक गोष्ट तुमच्याकडून झालेली. तुम्ही जे फोटो इथं टाकलेत त्यातल्या तिसऱ्या फोटोत त्याच ब्रॅकेटला पाण्याचा १० लिटरचा कॅन आणि फावडं टांगलेलं आहे. ब्रॅकेट जॅकसाठी होतं. अठ्ठेचाळीस इंची जॅक साधारण १३ किलोचा. कॅन आणि फावडं धरून ते झालं २५ च्या आसपास. खड्ड्यातल्या आदळण्यासाठी आम्ही वजन चार पट धरतो, म्हणजे १०० किलो, तेही पट्टीच्या मुळापासून १२० मिलीमीटर बाहेर. दोन पट्ट्यांवर वाटलं तरी मुळाशी ताण २८० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) घरात जातो. आपलं साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, आयएस २०६२ या भारतीय मानकाचं, २५० ला कायमचं वाकायला लागतं. नुसता जॅक असता तर ताण दीडशेच्या आत राहिला असता.

म्हणून कॅनमुळेच तुटलं असं म्हणून मी हात झटकत नाही. वेल्डच्या कडेला, ओरखड्यावर, दीडशेसुद्धा रोज हजारो वेळा खालीवर झाला तर पट्टी कधीतरी गेलीच असती. कॅनमुळे ती लवकर गेली, एवढंच.

खडखडीचं मात्र मला मान्य नाही. ब्रॅकेटला रबरी बुश आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) आहेत. वाजतंय ते जॅकचं हँडल आणि दांड्यावर सैल फिरणारा सरकता भाग. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून हँडल दांड्याला आवळून बांधा, आवाज तिथल्या तिथं बंद होईल. त्याच हाताने जॅकच्या पिनांमधला चिखल काढून तेल सोडा. तुकडा ठेवायला आलात तेव्हा जॅक मी गाडीवर पाहिला, पिना तांबड्या मातीनं भरलेल्या होत्या. असा जॅक ऐन वेळी चढतो, पण उतरत नाही.

गंज आमचा. तुमच्या जॅकच्या भोकांचं अंतर आमच्या मापापेक्षा वेगळं निघालं, म्हणून पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला रंग) झाल्यावर पुन्हा भोकं पाडली आणि उघड्या लोखंडावर नुसता ब्रशनं रंग फिरवला. आपल्याकडच्या पावसात तो किती टिकणार.

तुम्ही असंही लिहिलंय की "पुढचा लोखंडी बंपर करून द्यायलाही नकार दिला, काम यांना जमत नाही." बंपर जमतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्ड, म्हणजे असेच पुढचे लोखंडी गार्ड, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीत मनाने बदल करायला मनाई) विरुद्ध ठरवले, आणि तुमच्या गाडीला पुढे एअरबॅग आहेत. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपायचा तसा चेपला नाही, तर एअरबॅग कधी उघडेल याची खात्री मी देऊ शकत नाही. इथं नाही म्हणालो, याचा मला आनंद आहे. पट्टीलाही असंच म्हणालो असतो तर हे उत्तर लिहायला बसावं लागलं नसतं.

आणि एक विचारायचं राहून गेलं होतं, ते आता विचारतो. हा जॅक तुम्ही गाडीला लावणार कुठं? हाय-लिफ्ट हा मुळात शेतावरचा जॅक, अमेरिकेत १९०५ पासून बनतोय, कुंपणाचे खांब उपटण्यापासून सगळ्या कामाला वापरतात. त्याची जीभ (उचलणारं टोक) अडकवायला लोखंडी बंपर किंवा साइडची भक्कम पाइप लागते. तुमच्या गाडीचे दोन्ही बंपर प्लास्टिकचे. चाकालाच उचलणारा हूक वेगळा मिळतो, तो तुमच्याकडे दिसला नाही. शिवाय हँडल हातातून सुटलं तर ते सरळ जबड्यावर येतं, आमच्या गल्लीत एकाचे पुढचे दोन दात गेलेत. मसाईच्या पठारावर चिखलात पंक्चर झालं तर कंपनीचा जॅक आणि खाली टाकायला फूटभर लांबीची जाड फळी, एवढ्यात काम होतं. फळी आमच्याकडे भंगारात पडलेली आहे, घेऊन जा.

हे ऐकूनही जॅक न्यायचाच असेल तर ब्रॅकेट पुन्हा करून देतो, पैसे नकोत. या वेळी पट्टी ६ मिलीमीटरची आणि उभी, मुळाशी दोन्हीकडे तिकोनी आधार, वेल्ड दोन्ही बाजूंनी आणि तो दिसणार, त्यावर ग्राइंडर फिरणार नाही. भोकं आधी, कोटिंग नंतर. आणि त्यावर फक्त जॅक. यातलं काही नको असेल तर ३,८०० परत. दरवाजाच्या डेंटचं बिल दोन्ही प्रकारात मी देईन. बंपरच्या उजव्या कोपऱ्यावरचा ओरखडा मात्र तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाचा आहे, तो आमच्याकडच्या फोटोत दिसतो.

स्टार तसाच ठेवा किंवा बदला, ते तुमच्यावर. पण हे आजच करा: उजवी पट्टी अजून गाडीवर आहे आणि तीही त्याच दिवशी, त्याच पोरानं, तशीच घासलेली आहे. जॅक काढून सीटच्या मागे खाली दोरीनं घट्ट बांधा. मग पट्टीच्या मुळाशी कोटिंग खरवडा, रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसा आणि वरून खडू घासा. पांढऱ्यावर ओली रेघ उमटली तर तडा आहे. उमटली नाही तरी बुधवारी गाडी घेऊन या.