थंड गाडीची ट्रायल घेऊन "ओके आहे साहेब" म्हणणाऱ्यांनो

तिसऱ्यांदा माझी ऑटोमॅटिक गाडी तुमच्या वर्कशॉपमधून परत आली आणि तिसऱ्यांदा जॉब कार्डावर तोच शेरा: "तक्रार आढळली नाही." अरे, आढळणार कशी? सकाळी ९ वाजता थंड गाडी काढता, सर्व्हिस रोडवर २ किलोमीटर फिरवता आणि आणून लावता! पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून सांगतोय की गाडी अर्धा तास चालून तापली की मगच दुसऱ्यातून तिसरा गिअर पडत नाही. आरपीएम ३,५०० वर जातो, स्पीड तेवढाच, आणि मग कोणी मागून ठोकल्यासारखा झटका बसतो. रिव्हर्स टाकला तर ३ सेकंद गाडी जागची हलत नाही. हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं. कोणी वाचलं?

गेल्या रविवारी साताऱ्याला निघालो होतो, मागे आई. खंबाटकी चढताना ऐन वळणावर गाडी तिसऱ्यात अडकली. ना खाली येते, ना वर जाते. पार्किंग लाइट लावून, कशीबशी ओढत वर नेली. मागे मालाने भरलेले ट्रक, हॉर्नवर हॉर्न. आई पूर्ण घाटभर दाराचं हँडल धरून बसली होती, एक शब्द बोलली नाही. आतलं काही तुटू नये म्हणून गिअरबॉक्स स्वतःला असा एका गिअरमध्ये बांधून घेतो. याहून मोठ्याने त्याने काय ओरडायचं?

आणि तुम्ही काय केलंत? स्कॅनर लावला, पी०७०० कोड दिसला, पुसून टाकला. या कोडचा अर्थ एवढाच की बिघाडाची नोंद गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये आहे, तिकडे बघा. तिकडे बघायचं सोडून निरोपच पुसलात! माझ्याकडचा एकमेव पुरावा होता तो.

ऑइल बघा म्हटलं तर म्हणे, "साहेब, ते लाइफटाइम असतं." गाडी ८ वर्षांची, ९२,००० किलोमीटर झालेली. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो तोच मुळी ऑइलच्या दाबावर. गिअरबॉक्सच्या आतले क्लच दाबतं ते ऑइल, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद पुढे नेतं तेच ऑइल, गिअरबॉक्सची उष्णता वाहून नेतं तेही तेच. ते कमी झालं किंवा जळलं की दाब टिकत नाही, क्लच घसरतो. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. मग इथे लाइफटाइम कुणाचं? ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड अडकलेला असेल, ऑइल वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी खराब असेल, मान्य. पण आधी ऑइल तर बघाल! ऑइल मोजायची डिपस्टिक या गिअरबॉक्सला नाही, लेव्हल गाडीखालून बघायची, तर कोणी खाली जात नाही.

काल फोन आला: "पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल, २ लाख ८० हजार." तक्रार आढळली नाही ना? मग बदलताय काय?

उद्या दुपारी तासभर गाडी तापवून घेऊन येतोय. फोरमनने माझ्या शेजारी बसायचं, गिअर सुटताना आरपीएम स्वतः बघायचा. मग इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघून, माझ्यासमोर लेव्हल तपासायची आणि थोडं ऑइल पांढऱ्या कपड्यावर काढून दाखवायचं. लाल आहे की काळं, जळका वास येतो की नाही, ते जॉब कार्डावर लिहून सही द्यायची. तोपर्यंत एकही कोड पुसायचा नाही.