दुधाच्या पिशव्या आणि ओला-सुका

आमच्या ओट्यामागच्या टाइल्सवर कायम दोन-तीन दुधाच्या पिशव्या चिकटलेल्या असतात. आई पिशवी धुते आणि ओलीच टाइलला लावते, वाळली की आपोआप खाली पडते, मग रद्दीत. लहानपणापासून बघतोय. पर्यावरण वगैरे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हीच बाई ओला-सुका वेगळा कर म्हटलं की म्हणायची, "कशाला? खाली गाडीत सगळं एकच करतात."

आधी चिडायचो मी. पण तिचं लॉजिक दोन्हीकडे एकच आहे राव. रद्दीवाला समोर उभा राहतो, काटा लावतो (मारतो पण, ते सोडा), आई भांडते, चाळीस-पन्नास रुपये हातात येतात, माल कुठे गेला ते दिसतं. कचऱ्याचा डबा दाराबाहेर गेला की विषय संपला. त्यात एकदा जरी आपण निवडून दिलेला कचरा गाडीत एकत्र पडताना बघितला ना, की मग दहा पोस्टर लावा, काय फरक पडत नाही, कारण येडा बनलो हे कुणाला आवडतं?

२०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग सक्तीचे केले होते. ती नोटीस आमच्या बोर्डवर कितीतरी महिने लटकली, खाली दंडाची धमकी. कुणी ढुंकून बघितलं नाही.

मग एक दिवस लिफ्ट बंद पडली. सगळे जिन्याने खाली, आणि पार्किंगमध्ये कचरा घेणाऱ्या ताई फतकल मारून डायपर आणि भाजीच्या देठांतून हाताने बाटल्या काढतायत. सगळ्यात वर एका कुरियरच्या पाकिटावर नाव आणि फ्लॅट नंबर, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा! काकू तिथेच उभ्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराबाहेर दोन डबे. आठवड्याभरात समोरच्यांचे पण दोन, कारण एकच डबा आता उठून दिसायला लागला.

अमेरिकेत २००८ मध्ये हॉटेलातल्या टॉवेलवर एक अभ्यास छापून आला होता. 'पर्यावरण वाचवा' या कार्डापेक्षा 'बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात' हे कार्ड जास्त चाललं. आमच्या जिन्यात तेच झालं, फक्त कार्ड छापायचा खर्च वाचला.

आई? काल मी पिशवीचा कोपरा कापून सिंकमध्ये टाकला तर ओरडली, "पूर्ण कापू नकोस, लटकता ठेव. तेवढा तुकडा कुठे वेचत बसायचा, ताई म्हणत होत्या."