दाजी, आमटी गरम आहे ना?

डोंगरावर गरम जेवायचं हे खूळ माझ्या डोक्यात मेव्हण्याने भरलं. त्याआधी माझं बरं चाललं होतं. बायको फडक्यात धपाटे बांधून द्यायची, सोबत शेंगांची चटणी. धपाटं गारच चांगलं लागतं आणि खाली पडलं तर झटकून खाता येतं. पण मेव्हण्याने हिमालयात कुठेतरी बर्फात बसून मॅगी खाल्ली होती, तेव्हापासून त्याला गार घास उतरेना.

"दाजी, वर गेल्यावर वाफाळतं पिठलं. विचार करा."

मी विचार केला. तीच चूक झाली.

म्हैसमाळला गेलो. सोबत माझा एक इंजिनिअर मित्र, घडीचा स्टोव्ह आणि गॅसचा डबा. संभाजीनगरात घरी पेटवून पाहिला तेव्हा स्टोव्ह झकास चालला होता. वर मात्र पठारावरचा वारा. ज्योत आडवी झाली आणि पातेलं सोडून माझ्या पॅंटकडे निघाली. मोहरी तडतडेचना, नुसती तेलात पोहत राहिली. मेव्हण्याने स्टोव्हभोवती सॅकांचा कोट उभा केला, तर इंजिनिअर ओरडला, "अरे, डबा तापला तर फुटंल ना!" हे मात्र खरं होतं. असल्या स्टोव्हला चारी बाजूंनी कोंडलं की उष्णता खाली गॅसच्या डब्यालाच लागते. मग आमच्या पाठीच आडोशाला. वारा दिशा बदलायचा, आम्ही सरकायचो. तिथल्या देवळातल्या गिरिजादेवीला घातल्या नसतील तेवढ्या प्रदक्षिणा त्या स्टोव्हला घातल्या.

पाणी कोमट झालं तसं मेव्हण्याने बेसनाची पुडी उघडली. पुढचं सांगत नाही. माझ्या भुवया संध्याकाळपर्यंत पिवळ्या होत्या.

इंजिनिअरने खापर उंचीवर फोडलं. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो म्हणे, आणि म्हैसमाळ 1067 मीटरवर. पण आमचं शहरच 568 मीटरवर आहे! म्हणजे फरक दीड-पावणेदोन अंशांचा. तेवढ्यासाठी पिठलं उपाशी ठेवत नाही. शेवटी टपरीवर भजी खाल्ली. टपरीवाल्याने भट्टीला तीन बाजूंनी पत्रा लावला होता. बिचारा हिमालयात गेलेला नसावा.

पुढची खेप पितळखोऱ्याची. लेणी गौताळा अभयारण्यात, तिथे आग पेटवायचं नाव काढायचं नाही. मी मनातून खूश झालो. पण मेव्हणा नवाकोरा थर्मास घेऊन हजर. "आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवायचं, ते ओतून टाकायचं, मग कढत आमटी. संध्याकाळपर्यंत हलत नाही, दाजी." ही युक्ती त्याची असूनही बरोबर निघाली. बायकोने येसराची आमटी उकळून दिली, थर्मास गळ्यापर्यंत भरला.

"अहो, धपाटे देऊ का?"

"कशाला उगं ओझं."

लेणी बघून पायऱ्या चढून वर आलो, तेव्हा दीड वाजला होता. झाडाखाली बसलो, वाट्या मांडल्या. झाकण फिरेना. आतली वाफ निवून आकसली की झाकण आत ओढलं जातं, असं इंजिनिअरने समजावलं. समजलं, उघडलं नाही. रुमाल गुंडाळून पाहिला, शर्टाचं टोक गुंडाळून पाहिलं. मग मेव्हण्याने थर्मास दोन गुडघ्यांत धरला आणि मी झाकण पिळलं. त्यात थर्मास नाही, मेव्हणाच फिरला.

"दोन हजार वर्षांमागं लोकांनी अख्खा डोंगर कोरला इथं," इंजिनिअर म्हणाला, "आन् आपल्याला एक टोपण निघंना."

सॅकच्या तळाशी हात घातला तर फडकं लागलं. बायकोने न विचारता ठेवलं होतं. धपाटे खाताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मधे बसलेली आमटी आतून गरम असणार, याची तिघांनाही खात्री होती.

घरी पोचायला सात वाजले. मेव्हणा पक्कड शोधायला लागला. बायकोने थर्मास हातात घेतला, झाकणाच्या मधोमध एक गोल बटण होतं, ते अंगठ्याने दाबलं. फुस्स झालं. झाकण दोन बोटांनी फिरलं आणि वाफेचा लोट वर आला.

मी वाटी पुढे केली.

"थांबा," ती म्हणाली, "जरा गार होऊ द्या. तोंड पोळेल."